‘सर्वांसह’ या नावाची बाग

ल्यांग राज्याचा राजा हुई आपल्या तळ्याकाठी उभा होता. पाण्यावर रानबदके उतरली होती, काठावर हरणे होती. भेटीला आलेल्या मेन्शियसला त्याने विचारले, ‘शहाण्या माणसांनाही असल्या गोष्टींत आनंद वाटतो का?’ ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील या चिनी विचारवंताने दिलेले उत्तर पुढे दोन हजार वर्षे पूर्व आशियातील राज्यकर्त्यांना पाठ होते. त्याचा मथितार्थ असा, की हा आनंद शहाण्यालाच घेता येतो. जो शहाणा नाही त्याच्यापाशी तळे, हरणे, बदके सारे असूनही त्याचा उपयोग नाही. पूर्वीच्या काळी वेन राजाने तळे खोदायला घेतले तेव्हा रयत आपणहून धावून आली, कारण ते तळे आपलेही आहे असे तिला वाटत होते. जुने राजे लोकांसह आनंद घेत, म्हणून त्यांना आनंद घेता येई. ज्या राजाच्या मरणाची लोक वाट पाहतात, त्याला एकट्याने बागेत बसून कसले सुख मिळणार?

‘लोकांसह आनंद’ यासाठी त्या मजकुरात जी दोन अक्षरे येतात त्यांचा जपानी उच्चार ‘काइराकु’. १८४२च्या उन्हाळ्यात मितो संस्थानचा नववा अधिपती तोकुगावा नारिआकी याने सेनबा सरोवरावरच्या टेकाडावर एक बाग खुली केली. त्या दोन अक्षरांपुढे बाग या अर्थाचे ‘एन’ जोडून त्याने तिचे नाव काइराकुएन ठेवले. तोक्योच्या ईशान्येला सुमारे शंभर किलोमीटरवर असलेली ही बाग आज जपानमधील तीन प्रख्यात बागांपैकी एक मानली जाते. कानाझावाची केन्रोकुएन आणि ओकायामाची कोराकुएन या दुसऱ्या दोन. त्या दोन्ही बाराही महिने पाहण्याच्या बागा आहेत. काइराकुएनला मात्र माणसे प्रामुख्याने फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत येतात, कारण तेव्हा तिथली जवळजवळ तीन हजार उमेची झाडे फुलतात.

अनुवादकाला बागेचे नाव हा साधा प्रश्न वाटत नाही. ‘काइ’ म्हणजे ‘सह’, हे कोशात मिळते. कुणासह, हे कोश सांगत नाही. त्या बागेत ‘लोक’ कोण होते, त्यांना कधी आणि कसे आत येता येत होते, आणि ज्याने त्यांना बोलावले त्याच्या मनात ‘आपले’ आणि ‘परके’ यांच्यामधली रेघ कुठे होती, याची उत्तरे इतिहासात शोधावी लागतात. उमेच्या फुलापासूनच सुरुवात करू.

मराठी कानाला ‘उमे’ हा शब्द कुणी उमेला हाक मारावी तसा लागतो. इंग्रजीतून जपानी साहित्य वाचणाऱ्यांना हे झाड ‘प्लम’ म्हणून ठाऊक असते आणि तिथून मराठीत येताना त्याचे कधी आलुबुखार होते, कधी नुसतेच प्लम. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने उमे ही जर्दाळूच्या अधिक जवळची जात आहे. पण जर्दाळू म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे सुकामेवा येतो, फूल येत नाही. आपल्या भाषेत पानांआधी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी पळस आहे, पांगारा आहे. गंध आणि ऋतूची चाहूल यांसाठी आंब्याचा मोहोर आहे. उमेमध्ये या तिघांचेही थोडे थोडे आहे. फांदी काळी, खडबडीत, निष्पर्ण. तिच्यावर देठच नसावा अशी चिकटून बसलेली पाच पाकळ्यांची पांढरी किंवा गुलाबी फुले. आणि थंड हवेत आधी नाकाला कळणारा, मग डोळ्यांनी शोधावा लागणारा वास. पुष्कळदा या फुलांवर बर्फ पडतो. जुन्या चांद्र पंचांगानुसार वर्षारंभ आणि वसंतारंभ साधारण एकाच सुमारास येत, आणि तेव्हा फुललेले झाड म्हणजे उमे. आपल्याकडे वसंतपंचमी शिशिरात येते, तसाच हा ऋतूआधी घोषित झालेला ऋतू.

हे झाड जपानचे नाही. ते चीनमधून आले आणि त्याच्या नावाचे मूळही चिनी ‘मेइ’ या शब्दात असल्याचे मानले जाते. आठव्या शतकातील ‘मान्योशू’ या जपानच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात उमेवरच्या कविता सुमारे एकशेवीस आहेत, साकुरावरच्या चाळीसच्या आसपास. इ. स. ७३० मध्ये क्यूशू बेटावरच्या दाझाइफु येथे, चीन-कोरियाकडे तोंड करून असलेल्या त्या सीमेवरच्या ठाण्यात, ओतोमो नो ताबितो या अधिकाऱ्याने आपल्या घरी उमे फुलल्यानिमित्त मेजवानी दिली आणि पाहुण्यांनी बत्तीस कविता रचल्या. त्या कवितांना जोडलेली प्रस्तावना चिनी भाषेत आहे. २०१९ मध्ये जपानने नव्या सम्राटाच्या कारकिर्दीसाठी ‘रेइवा’ हे नाव निवडले ते त्या प्रस्तावनेतून. चिनी ग्रंथाऐवजी जपानी ग्रंथातून घेतलेले पहिले कालनाम म्हणून त्याचे कौतुक झाले. पण त्या ओळीतला वसंत, त्यातले फूल आणि ती लिहिण्याची भाषा ही तिन्ही समुद्रापलीकडून आलेली होती.

पुढच्या दोन शतकांत साकुराने उमेला मागे टाकले. क्योतोच्या राजवाड्यात मुख्य दालनासमोर उमेचे झाड होते, नवव्या शतकात त्याच्या जागी साकुरा आला. उमे मग विद्वानांचे झाड म्हणून टिकले. चिनी काव्यशास्त्रात पारंगत असलेला मंत्री सुगावारा नो मिचिझाने दरबारी कारस्थानाला बळी पडून दाझाइफुला हद्दपार झाला आणि ९०३ मध्ये तिथेच वारला. त्याच्या अंगणातले उमेचे झाड त्याच्या ओढीने क्योतोहून उडत दाझाइफुला गेले अशी कथा आहे. पुढे मिचिझाने विद्येचा देव झाला आणि परीक्षेला बसणारी मुले आजही त्याच्या देवळांत जातात. एक चिनी आख्यायिकाही जपानात रुजली. जिन घराण्याचा सम्राट वू अभ्यास करी तेव्हा उमे फुले, तो आळस करी तेव्हा फुले कोमेजत. म्हणून उमेला ‘कोबुनबोकु’, विद्येवर प्रेम करणारे झाड, असे नाव पडले. काइराकुएनमधील लाकडी वाड्याचे नाव कोबुन्तेई आहे ते यावरूनच.

मितो हे तोकुगावा घराण्याच्या तीन प्रमुख शाखांपैकी एकाचे संस्थान. इथल्या संस्थानिकाने शोगुनच्या एदो राजधानीत, म्हणजे आजच्या तोक्योत, कायम राहावे असा प्रघात होता. संस्थानाची कीर्ती तलवारीपेक्षा पोथ्यांमुळे जास्त होती. सतराव्या शतकातील मित्सुकुनी याने जपानचा बृहद् इतिहास लिहायला घेतला. तो १६५७ मध्ये सुरू झाला आणि १९०६ मध्ये पुरा झाला. याच मित्सुकुनीने चीनमधील मिंग राजवट कोसळल्यावर परागंदा झालेल्या जू शुन्श्वेइ या पंडिताला आश्रय दिला, गुरू मानले. एदोतील मितोच्या वाड्याला लागून असलेल्या बागेचे नाव जू शुन्श्वेइने सुचवले, ‘कोराकुएन’. ‘कोराकु’ म्हणजे मागाहून घेतलेला आनंद. राज्यकर्त्याने जगाच्या आधी चिंता करावी आणि जगाच्या नंतर आनंद घ्यावा, या सुंग काळातील फान जुंगयेन याच्या वचनावरून ते घेतले आहे. ती बाग आज तोक्योच्या मध्यभागी कोइशिकावा कोराकुएन म्हणून आहे. म्हणजे नारिआकीने १८४२ मध्ये ‘काइराकु’ हा शब्द उचलला तेव्हा त्याच्या घराण्यात ‘राकु’ची एक बाग आधीच होती. एक सर्वांनंतरच्या आनंदाची, दुसरी सर्वांसहच्या. आणि पहिलीचे नाव ठेवणारा माणूस परदेशी निर्वासित होता.

नारिआकीचा काळ मात्र परदेशी माणसाच्या धास्तीचा होता. १८२४ मध्ये मितोच्या ओत्सुहामा किनाऱ्यावर इंग्रज देवमासे-शिकाऱ्यांची एक तुकडी उतरली. तिची विचारपूस करायला गेलेल्यांत मितोचा पंडित आइझावा सेइशिसाई होता. कोणी तरी ताजे अन्नपाणी मागायला आले आहे, यावर त्याचा विश्वास बसला नाही. पुढच्याच वर्षी त्याने ‘शिन्रोन’ हा ग्रंथ लिहिला. पाश्चात्त्य देश व्यापार आणि धर्म यांच्या आडून देश गिळतात, म्हणून सम्राटाभोवती लोकांची मने एकवटली पाहिजेत, असा त्याचा युक्तिवाद होता. सम्राटाचा आदर करा, परक्यांना हाकला, ही घोषणा पुढे देशभर गेली. तिचे वैचारिक माहेर मितोच होते.

नारिआकी १८२९ मध्ये गादीवर आला, आणि आपल्या संस्थानात त्याने पहिले पाऊल ठेवले ते १८३३ मध्ये. मितोत उमे फार थोडी आहेत हे त्याच्या लक्षात आले. त्याने एदोच्या वाड्यातील उमेच्या बिया गोळा करवून मितोला पाठवल्या आणि पेरायला लावल्या. ही हकिगत त्याने स्वतः लिहून ठेवली आहे, आणि तो मजकूर शिळेवर कोरलेला आहे. त्यात उमेचे दोन गुण तो सांगतो. फूल बर्फाला न जुमानता सर्वांआधी उमलते आणि कवींच्या उपयोगी पडते. फळ आंबट असते, तहान भागवते, म्हणून सैन्याच्या शिदोरीला चालते. जपानी घरांत आजही भाताच्या डब्यात दिसणारे खारवलेले उमेबोशी हे ते फळ. बाग आणि कोठार यांत नारिआकीला फरक करायचा नव्हता. हीच वर्षे तेम्पो दुष्काळाची होती. ईशान्य जपानमध्ये पीक वारंवार बुडत होते, माणसे भुकेने मरत होती. अशा काळात सुंदर आणि साठवता येणारे, दोन्ही एकाच झाडाकडून मागणारा राज्यकर्ता समजण्यासारखा आहे.

१८४१ मध्ये त्याने कोदोकान ही संस्थानी विद्याशाळा उघडली. तिथे चिनी अभिजात ग्रंथांबरोबर तलवार, भाला, वैद्यक, खगोल शिकवले जाई आणि आइझावा तिथे मुख्य गुरुजनांपैकी एक होता. पुढच्या वर्षी काइराकुएन खुली झाली. दोन्ही मिळून एकच योजना होती. धनुष्याची दोरी नेहमी ताणून ठेवली तर ती तुटते, नेहमी सैल ठेवली तर बाण सुटत नाही, असा एक जुना कन्फ्यूशियन दाखला आहे. विद्याशाळा ही ताणलेली दोरी, बाग ही सैल सोडलेली. म्हणून उमे दोन्हीकडे लावले गेले.

बागेची रचनाही या दोन अवस्थांवर उभी आहे. जुना मुख्य दरवाजा वायव्येला आहे. तिथून आत गेले की आधी वेळूचे दाट बन लागते, मग देवदारासारखे उंच सुगी वृक्ष. वाट उताराची, ओलसर, अंधारी; तळाशी पांढऱ्या संगमरवरी दगडातून झरा वाहतो. मग चढण चढून कोबुन्तेईपाशी आले की सरोवर आणि आकाश एकदम समोर येते आणि त्यापलीकडे उमेची राई. नारिआकीला माणसाने सावलीतून उजेडात यावे असे वाटत होते. आज मात्र बहुतेक पाहुणे उलट येतात. बहराच्या दिवसांत बागेखालच्या रुळांवर काइराकुएन नावाचे तात्पुरते स्थानक उघडते आणि तोक्योकडून येणाऱ्या गाड्या तिथे थांबतात. तिथून जवळचा दरवाजा पूर्वेचा आहे. मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेले तेव्हा गर्दीबरोबर पूर्वेनेच आत गेले, आणि उजेड आधी पाहून झाल्यावर सावलीत उतरले. झऱ्यापाशी दोनतीन माणसे होती. वर राईत शाळेच्या सहली, चाकांच्या खुर्च्यांवरचे आजी-आजोबा, आणि चिनी, थाई, इंग्रजी बोलणारे घोळके. एका झाडाखाली दोन बाया फुलांचा फोटो न काढता डोळे मिटून नुसता वास घेत उभ्या होत्या.

उमेची राई साकुरासारखी एका आठवड्यात फुलून झडत नाही. इथे सुमारे शंभर जाती आहेत. काही जानेवारीतच उमलतात, काही मार्चच्या शेवटी. त्यामुळे एकाच दिवशी एक झाड भरात, दुसरे कळ्यांत, तिसरे झडलेले दिसते. ‘नेमके कधी जावे?’ या प्रश्नाला म्हणूनच एक तारीख देता येत नाही.

कोबुन्तेईचा नकाशा नारिआकीने स्वतः आखला असे मानतात. वरच्या मजल्यावर सरोवराकडे उघडणारी खोली आहे, आणि तिथे जेवणाची ताटे दोरीने वर ओढून घेण्याचा लाकडी उचलक आहे. इथे कवितांच्या बैठका होत. नारिआकी वृद्धांना बोलावून त्यांचा सत्कार करी. त्यासाठी पदरच्या लोकांची वयोमर्यादा ऐंशी होती, सामान्य लोकांची नव्वद. ‘सर्वांसह’ या शब्दाचे वजन करायला हे दोन आकडे उपयोगी पडतात. शेतकऱ्याला आमंत्रण होते, पण त्यासाठी त्याने दहा वर्षे जास्त जगायचे होते.

बागेचे दरवाजे सामान्य लोकांना ३ आणि ८ हे अंक असलेल्या तिथींना उघडत, म्हणजे महिन्याला सहा दिवस. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हेही थोडे नव्हते. संस्थानिकाच्या बागेत रयतेने यावे ही कल्पनाच नवी होती. बागेतील शिलालेखात, ज्याचा मजकूर १८३९चा आहे आणि अक्षर नारिआकीचे, ही बाग आपण जनांबरोबर आनंद घेण्यासाठी केली असे तो स्वच्छ सांगतो. त्याच शिळेच्या मागच्या बाजूला नियम कोरले आहेत. ठरल्या वेळेआधी येऊ नये, रात्री उशिरापर्यंत थांबू नये. स्त्रीपुरुषांनी अंतर राखावे, गर्दीत मिसळू नये. अति मद्यपान, दंगामस्ती आणि हलके गाणेबजावणे बंद. फांद्या तोडू नयेत, फळे घेऊ नयेत. आजारी नसलेल्याने पालखीत बसून येऊ नये. पुढचा मजकूर आणि मागचे नियम, दोन्ही अभिजात चिनी भाषेत आहेत. ज्याला ती वाचता येत होती त्याला फांद्या तोडू नका हे बहुधा सांगावे लागत नव्हते.

या शिळेचे भाषांतर करायला बसले की ‘जन’ या अक्षरापाशी लेखणी थांबते. ‘लोक’ लिहिले तर आजचा लोकशाहीचा वास येतो. ‘प्रजा’ लिहिले तर राजाराणीची गोष्ट होते. ‘रयत’ हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात माया आणि अधिकार दोन्ही आहेत. रयतेची काळजी घ्यायची असते आणि रयतेने पायरी ओळखायची असते. पालखीचा नियम मात्र या चौकटीत बसत नाही. तो रयतेसाठी नाही, पालखीवाल्यांसाठी आहे. निरोगी असशील तर इथे तूही पायीच चाल, असे तो मोठ्या माणसाला सांगतो. नियमांच्या त्या यादीत ‘सह’ या शब्दाला खरा जागणारा नियम हाच.

बाग उघडल्यावर दोन वर्षांत नारिआकीवर शोगुनची खप्पामर्जी झाली. बौद्ध देवळांच्या घंटा उतरवून त्याने त्यांच्या तोफा ओतल्या होत्या, मोठ्या युद्धसरावांचे सोहळे केले होते. १८४४ मध्ये त्याला गादी सोडून नजरकैदेत बसावे लागले. १८५३ मध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी काळी जहाजे घेऊन आला तेव्हा याच नारिआकीला किनारा-संरक्षणाचा सल्लागार म्हणून परत बोलावले गेले. त्याचे म्हणणे बदलले नव्हते. पण शोगुनचा प्रधान ई नाओसुके याने १८५८ मध्ये सम्राटाच्या संमतीवाचून पाश्चात्त्य देशांशी करार केले, विरोधकांची धरपकड केली आणि नारिआकीला मितोत कायमचे स्थानबद्ध केले.

२४ मार्च १८६० रोजी सकाळी एदोत बर्फ पडत होता, त्या महिन्यात सहसा पडत नाही इतका. ई नाओसुकेची पालखी किल्ल्याच्या साकुरादा दरवाजाकडे निघाली होती. बर्फाने खराब होऊ नयेत म्हणून रक्षकांनी तलवारींच्या मुठींवर पिशव्या चढवल्या होत्या. अठरा माणसे त्यांच्यावर तुटून पडली. त्यांतली सतरा मितोची होती. रक्षकांना तलवारी उपसायला वेळ मिळाला नाही आणि प्रधानाचे शिर कापले गेले. त्याच वर्षी शरदात नारिआकी मितोत मरण पावला.

त्याच्या पश्चात मितो आतून फाटले. सुधारणावादी सामुराईंच्या एका गटाला विरोधक ‘तेंगू’ म्हणत. तेंगू म्हणजे लांब नाकाचा, शेखी मिरवणारा पर्वतवासी राक्षस. १८६४ मध्ये या गटाने त्सुकुबा डोंगरावर बंड उभारले आणि परक्यांना हाकलण्याची मागणी घेऊन शेकडो माणसे बर्फातून क्योतोकडे चालत निघाली. तिथे असलेला नारिआकीचा मुलगा योशिनोबु आपले ऐकेल अशी त्यांना आशा होती. योशिनोबु त्यांच्याविरुद्ध सैन्य घेऊनच पुढे आला. ते शरण आले. त्यांना त्सुरुगा बंदरातील हेरिंग माशांच्या वखारींत कोंडले गेले आणि १८६५च्या वसंतारंभी साडेतीनशेहून अधिक लोकांचा शिरच्छेद झाला. मितोत ते उमे फुलण्याचे दिवस होते. यांपैकी एक वखार पुढे मितोला आणून स्मारक म्हणून उभी केलेली आहे. बागेला येणाऱ्यांपैकी फार थोडे तिथवर जातात.

योशिनोबु अखेरचा शोगुन ठरला. १८६७ मध्ये त्याने सत्ता सम्राटाकडे परत दिली आणि १८६८ मध्ये लहानपणी ज्या कोदोकानमध्ये तो शिकला होता, तिथेच काही महिने शिक्षा भोगत बसला. त्याच वर्षी मितोच्या दोन गटांतील शेवटची लढाई कोदोकानच्या आवारात झाली आणि विद्याशाळेच्या बऱ्याच इमारती जळाल्या. त्या आवारातून चालताना खांबांवर गोळ्यांच्या खुणा दाखवल्या जातात. देशातील बुद्धिमान तरुणांच्या एका पिढीला घडवणारे हे गाव नव्या जपानच्या सरकारात जवळजवळ दिसतच नाही. घडलेले तरुण तोवर एकमेकांच्या हातून संपले होते. सैल सोडलेल्या दोरीची बाग उरली, ताणलेली दोरी तुटली.

पुढचा इतिहास सार्वजनिक उद्यानाचा आहे. १८७३च्या सरकारी आदेशानुसार जपानमध्ये पहिली सार्वजनिक उद्याने घोषित झाली, त्या सुमारास ही बाग तोकिवा उद्यान झाली. आता तिथे यायला ३ आणि ८ची तिथी पाहावी लागत नव्हती. १८८९ मध्ये मितोपर्यंत रेल्वे आली, आणि त्या शतकाच्या अखेरीपासून उमेचा उत्सव भरू लागला. १९२२ मध्ये तिला राष्ट्रीय वारसास्थळाचा दर्जा मिळाला. १९३२ मध्ये तिचे जुने नाव परत आले. ऑगस्ट १९४५च्या सुरुवातीला अमेरिकी विमानांनी मितो जाळले, त्यात कोबुन्तेईही गेले. आज दिसते ते १९५०च्या दशकात पुन्हा बांधलेले आहे. त्याचा आतला भाग १९६९ मध्ये वीज पडून जळाला आणि तोही परत उभारला गेला. ११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानला भूकंपाने हादरवले तेव्हा उमेचा उत्सव चालू होता. कोबुन्तेईच्या भिंती पडल्या, टेकाडाची जमीन खचली. झाडे फुललेलीच होती, पण बाग बंद झाली. पुढच्या बहरापर्यंत वाडा दुरुस्त करून उघडण्यात आला.

२०१९च्या नोव्हेंबरपर्यंत काइराकुएनला तिकीट नव्हते. बाकीच्या दोन प्रख्यात बागांना ते पूर्वीपासून होते. इथे मात्र नावाचा मान राखून दरवाजा मोकळा होता. मग देखभालीचा खर्च पुढे आला आणि प्रांताबाहेरून येणाऱ्यांना प्रवेशशुल्क लागू झाले. रक्कम काहीशे येन, म्हणजे फार नाही, आणि झाडांची छाटणी फुकट होत नाही हेही खरे. तरी मेन्शियसने सांगितलेली दुसऱ्या एका राजाची गोष्ट आठवते. त्याचे उपवन चाळीस ली लांबीरुंदीचे होते आणि लोकांना ते फार मोठे वाटे. वेन राजाचे सत्तर ली होते, तरी लोकांना लहान वाटे. वेनच्या उपवनात गवत कापणारा, लाकूडफाटा गोळा करणारा, ससे पकडणारा कुणीही जाऊ शके. बागेचे माप आत कोण जाऊ शकतो यावर ठरते, असा त्या गोष्टीचा अर्थ.

राईतल्या काही झाडांवर नावाच्या पाट्या आहेत. १९३४ मध्ये मितोच्या उमेंमधून सहा जाती श्रेष्ठ म्हणून निवडल्या गेल्या. एकीचे नाव ‘चांदणे’, एकीचे ‘वाघाचे शेपूट’. एकीला नारिआकीचे मरणोत्तर नाव दिले आहे. एका जातीच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘च्यांगनानमध्ये नसलेले’ असा आहे. च्यांगनान म्हणजे यांगत्से नदीच्या दक्षिणेचा, उमेच्या फुलांसाठी चिनी कवितेत अजरामर झालेला प्रदेश. तिथून एका कवीने दूरच्या मित्राला उमेची एकच फांदी भेट पाठवल्याची जुनी आठवण आहे. तिथे नाही ते इथे आहे, असे हे झाड मोठ्या ऐटीत सांगते. पण ती ऐट सांगायला त्याला चिनी अक्षरे लागतात आणि ती समजायला च्यांगनान ठाऊक असावा लागतो. झाडाचा पूर्वजही तिकडचाच.

परक्यांना हाकला म्हणणाऱ्याने बाहेरून आलेल्या भाषेत, बाहेरून आलेल्या विचारावर, बाहेरून आलेल्या झाडांची बाग वसवली. याला विसंगती म्हणता येईल, पण नारिआकीला ते सारे आपलेच वाटत होते. हजार वर्षे वापरलेली गोष्ट परकी राहत नाही. त्याला भीती होती ती काल आलेल्याची. प्रत्येक काळातील ‘आपण’ असाच कालच्या परक्यांचा बनलेला असतो, हे त्याच्या बागेने त्याच्यापेक्षा नीट लक्षात ठेवले आहे. त्या सकाळी पाटीवरचे नाव वाचायला मी, थाई घोळक्याचा वाटाड्या आणि एक चिनी विद्यार्थिनी असे तिघे थांबलो होतो. तिने अक्षरे वाचली आणि ती हसली. मग मोडक्या इंग्रजीत तिने आम्हा दोघांना विनोद समजावून सांगितला.

बागेच्या नावासाठी मराठीत मी बरेच शब्द लिहून खोडले. ‘लोकोद्यान’ महानगरपालिकेचे वाटते, ‘सर्वानंद’ मठाचे. शेवटी ‘सर्वांसह’ एवढेच ठेवले. त्यात ‘आनंद’ हा शब्दच नाही, हे मला ठाऊक आहे. चिनी नावातले अवघड अक्षर पहिलेच होते. आनंद उमे पुरवतात.